येळवशीची भज्जी, माझ्यापुरती बंद

"मॅडम, क्रोन्स डिसीज आहे," डॉक्टर म्हणाले आणि लगेच पुढचं वाक्य टाकलं, "तुमचा भज्जीवरचा पेपर मी वाचलाय. छान आहे. पण ती भज्जी आता तुमच्यासाठी नाही."

नांदेडच्या त्या दवाखान्यात मला आधी हसूच आलं. क्रोन्स डिसीज म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते, सूज येते, जखमा होतात. हे मी वर्गात शिकवते. आहारशास्त्र माझा विषय, पचन माझं संशोधन. पण स्वतःच्या रिपोर्टवर तो शब्द दिसला की शिकवलेलं सगळं कुठं जातं, कोण जाणे.

भज्जी म्हणजे कांद्याची भजी नव्हे हो! माझं माहेर लातूरकडचं, औशाजवळचं. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, अख्खं लातूर शेतात जेवतं. शहरातली दुकानं बंद, रस्ते ओस. तूर, पावटा, हरभरा, शेंगदाणे, हाताला लागेल तो पाला, सगळं बेसन लावून चिंचेच्या कोळात शिजवायचं. सोबत बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातली आंबील. या जेवणातला चोथा पचनाला किती चांगला, यावर माझा पेपर छापून आला होता. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, त्याची झेरॉक्स लॅमिनेट करून घेतली. इंग्रजी एक अक्षर येत नाही, पण पाहुणा आला की त्याच्यापुढं धरायचे.

माझं दुखणं सुरू झालं जेवणानंतरच्या कळांनी. मग जुलाब, बारीक ताप, वजन उतरत गेलं. आप्पांना फोनवर 'पोट बिघडलंय' एवढंच कळलं. झालं! एसटीनं नांदेडला पिशव्या सुरू. वाळलेले पावटे, हरभरे, सालीसकट तूर. "तूच लिवलंय न्हवं, पोटाला लई चांगलं म्हणून? खा की मग!" मी खात राहिले, आणि एका दुपारी कॉलेजातच पोट धरून खाली बसले.

सीटी स्कॅन झालं, कोलोनोस्कोपी झाली. कोलोनोस्कोपीत मागच्या बाजूनं कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघतात. खरं सांगते, तपासणीला भिऊ नका. आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध मात्र जीव नको करतं. माझ्या आतड्यात स्ट्रिक्चर निघालं, म्हणजे सुजेनं एक जागा अरुंद झालेली. निरोगी माणसाला जो चोथा पोसतो, तोच तिथं अडकतो. तुमच्याही पोटातल्या कळा लांबल्या, वजन उतरायला लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका.

त्या वर्षीची येळवस दवाखान्यात गेली. खिडकीखाली नांदेड नेहमीसारखं चालू होतं. माझ्या पुढ्यात मऊ भात, आणि जीव सगळा शेतात. इतकी भूक, अन् भूक पोटाची नव्हतीच. येळवशीच्या पूजेला शेतात उभारतात त्या कडब्याच्या खोपीपुढं बसून तो आंबट-तिखट वास यावा म्हणून मी रडले. अगदी लहान पोरीसारखी.

आप्पांचा फोन आला. आमच्या ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. "औंदा भज्जी केलीच न्हाई," ते म्हणाले. "देवाला निवद दावला अन् माघारी आलो. मीच घातलं की गं तुझ्या पोटात."

"आप्पा, असं नसतंय. तुमच्या पावट्यानं आजार होत नसतो. तो आधीच होता."

"तरीबी. तुला न्हाई तर मलाबी न्हाई."

औषधं लागू पडली. वजन परत आलं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन सध्या टळलंय. साली, बिया, चोथा मात्र नकोच. लो-रेसिड्यू डाएट." म्हणजे ज्याचा चोथा उरत नाही असं खाणं. पुढच्या येळवशीला मी माहेरी गेले, तर शेतात काय? सगळ्यांसाठी मऊ भात आणि फडक्यातून गाळलेली आंबील! आप्पांचा हुकूम होता. वहिनी बिचारी मान खाली घालून बसलेली.

माझं डोकंच फिरलं. "ही येळवस हाय का दवाखान्याचा वॉर्ड? आप्पा, माझा आजार माझ्याजवळ राहू द्या की! तुमचं जेवण मी तोडलं, हे घेऊन मी नांदेडला कशी जाऊ?"

मी आणि वहिनीनं तूर सोलली, पाला खुडला, तीन दगडांवर पातेलं चढवलं. मीठ मी अंदाजानं टाकलं. वासानं तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यालाही. धुराचं निमित्त होतंच. आप्पांना पत्रावळीवर वाढलं. बराच वेळ ते नुसते बघत होते. मग पहिला घास घेतला, आणि मान खाली घालून खातच राहिले.

"कशी झालीय?"

"मीठ कमी हाय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "काय खास न्हाई. तू खाल्ली न्हाईस तरी काय बी बिघडत न्हाई बघ."

पत्रावळ तोवर पुसल्यासारखी लख्ख झाली होती. आप्पांना खोटं बोलणं कधीच जमलं नाही.

"मग माझ्या वाटणीचीबी खा," मी म्हणाले.

आप्पांनी पत्रावळ पुढं केली.