जिथून काहीच दिसत नाही

फाल्गुन सरत आला की पहाटेच्या हवेत मोहाचा वास उतरतो. गोड म्हणावा तर त्यात उग्रपणा असतो, उग्र म्हणावा तर तो पुन्हा हवासा वाटतो. हेमलकशाच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत, वर्गाच्या अगदी मागे भिंतीला टेकून, मी हा वास घेत मुकाट बसले होते. मुकाट बसणे हा माझा स्वभाव नव्हे, हे माझ्या घरचे कुणीही सांगेल. पण त्या सकाळी तसा नियमच होता.

नियम मंडलबाईंचा. नव्या अभ्यासक्रमातल्या सहावीच्या भूगोलाचे पाठ आमच्या भागातल्या शिक्षकांनीच रचायचे ठरले, आणि आम्ही तिघे एकत्र आलो. मी ऊर्जानगरच्या शाळेतली, मडावी सर जंगलातल्या या शाळेतले आणि मंडलबाई मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वस्तीतल्या. बैठका त्यांच्या शाळेत भरत. पहिल्याच बैठकीत त्यांनी बजावले, "ज्याचा पाठ त्यानं मांगं बसाचं, अन् बोलाचं नाई." म्हणजे पाठ एकाने लिहायचा, दुसऱ्याने तो लिहिला तस्साच शिकवायचा, जंगलातही उभा राहिला आणि ऊर्जानगरातही, तर ठेवायचा, नाहीतर वगळायचा. आपला पाठ आपण शिकवताना आपण त्याला किती टेकू देत असतो, हे आपल्याला कधी कळते का? मंडलबाईंना ते कळले होते.

माझ्या पाठाचे नाव होते 'खूण आणि दिशा'. त्याच्यावर माझा फार जीव होता, आणि त्याला कारण होते. पाठ्यपुस्तकांत आमचे ऊर्जानगर येते ते वीजनिर्मितीच्या नकाशावरचा एक ठिपका म्हणून. तिथे मुले राहतात, कंपनीच्या बसची वाट पाहतात, एकसारख्या क्वार्टरांच्या रांगांतून आपले घर बिनचूक ओळखतात, हे त्या ठिपक्याच्या गावीही नसते. माझ्या मुलांना एकदा तरी पुस्तकात आपले गाव भेटावे, एवढीच माझी मनीषा होती. म्हणून मी पाठाची सुरुवातच अशी केली होती: गावात कुठूनही दिसेल अशी एक उंच खूण शोधा, ती कागदाच्या मधोमध मांडा, मग तिच्यापासून आपले घर कोणत्या दिशेला आहे ते दाखवा. ऊर्जानगरात कुठेही उभे राहा, मान वर करा, औष्णिक केंद्राची धुरांडी, आमच्याकडे म्हणतात त्या चिमण्या, आहेतच. इतका सोपा, इतका स्वच्छ पाठ कुठे अडेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

तो पहिल्याच वाक्याला अडला.

मडावी सरांनी मुलांना अंगणात नेले, मागोमाग मी आणि मंडलबाईही गेलो, आणि सरांनी माझे वाक्य जसेच्या तसे म्हटले. मोह वेचून आलेली मुले, हातांना अजून त्या फुलांचा चिकटपणा, चारी दिशांना माना फिरवू लागली. साग पाने गाळून बसला होता, तरी खोडांच्या पलीकडे पुन्हा खोडेच होती. साग, ऐन, मोह, आणि त्यांच्या आड कुठेतरी गाव. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, इथून तं काहीच दिसत नाई."

माझ्या ओठांवर किती सूचना आल्या म्हणून सांगू. पण मंडलबाई माझ्याकडेच पाहत होत्या. पाठ पडला, असे मी मनात म्हटले, आणि खरे सांगते, डोळे भरून आले. ज्या गावाला क्षितिजच नाही अशा गावाची मी कल्पनाही केली नव्हती. धुरांड्यांच्या सावलीत वावरणारीलाच सुचावा असा तो पाठ होता.

सर मात्र घाईत नव्हते. त्यांनी शांतपणे विचारले, "मंग रानातून घरी कशे येता?"

"वास येते नं," तीच मुलगी म्हणाली. "आमच्या आंगणात मोह वाळू घातला हाय. तिकून येते." दुसऱ्याने हातपंपाच्या आवाजाकडे बोट केले. बघता बघता अंगण बोटांनी भरून गेले.

वर्ग सुटल्यावर सर माझ्याजवळ आले. "बाई, पाठ चांगला हाय तुमचा. फक्त त्याले चिमणी लागते." मंडलबाई खळखळून हसल्या, आणि मग मलाही हसू आवरेना. दुपारी तिघांनी मिळून ते पहिले वाक्य खोडले आणि नवे लिहिले: डोळे मिटा; तुमच्या गावाची कोणती खूण तुमच्यापर्यंत आपण होऊन येते?

आता पाठ ऊर्जानगरात उभा राहायचा होता. चार दिवसांनी मडावी सर आमच्या शाळेत आले, मी माझ्याच वर्गात मागे बसले. मनात धाकधूक होती. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या माझ्याच मुलांना धुरांड्यांवाचून काही सापडेल का? सरांनी वाक्य म्हटले. डोळे मिटले गेले. हळूहळू सगळे हात केंद्राच्या अखंड घरघरीकडे वळले. पाठ उभा राहिला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

सगळे नव्हे. सगळ्यांत पुढे बसलेल्या एका मुलीचा हात बरोबर उलट्या दिशेला, क्वार्टरांच्या कुंपणभिंतीकडे होता. आजूबाजूची मुले किलकिल्या डोळ्यांनी बघून तिला हसली. मला वाटले, गोंधळली बिचारी. सरांनी विचारले, तेव्हा ती डोळे न उघडताच म्हणाली, "सर, तिकडून कायचा तरी वास येऊन राह्यला. गोड." सरांनी एकदा खोल श्वास घेतला, आणि हसत माझ्याकडे पाहिले.

या वसाहतीत माझी सारी नोकरी गेली. त्या भिंतीपलीकडे काय आहे हे पाहायला मी कधी मान वळवली होती? वर, धुरांड्यांकडे बघण्याची सवयच इतकी पक्की. बोलायची मला मुभा नव्हती, आणि त्या दिवशी बोलावेसेही वाटले नाही. मागच्या बाकावर मी डोळे मिटून घेतले. थोडा वेळ काहीच आले नाही. मग वाऱ्याची एक झुळूक वळली, आणि माझ्या ऊर्जानगरात मोह आला.