लाल बॅग पुढे गेली

तुम्ही आज मुक्कामाला पोचलाच नाहीत, तर ते सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येईल? उत्तराची घाई करू नका. "घरच्यांच्या" असं म्हणणार असाल, तर घरच्यांना फोन कधी करणार होतात, तेही आठवून बघा.

मी हे विचारायला शिकले ते न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ताईबरोबर केलेल्या सायकल सहलीत. ताई ख्राइस्टचर्चच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, हॉर्नबीला राहते. मी ऑकलंडला, पेनरोजच्या गोदामात काम करते आणि जेवणाच्या सुट्टीत युनियनची पत्रकं वाटते. हे वळण घरचंच. आमच्याकडे पाहुणे आले की आई चहा टाकायची आणि बाबा त्यांच्यापुढे पत्रकांचा गठ्ठा ठेवायचे, घड्या घालायला. ताई त्यातून सुटली. मी सुटले नाही.

या सहलीत गाईड नसतो. कंपनी सायकल देते, नकाशा देते, रोजच्या मुक्कामाचं बुकिंग करते. तुम्ही सकाळी निघता, मग मागून व्हॅन येते आणि तुमच्या बॅगा पुढच्या घरी नेऊन ठेवते. घराच्या दाराचा कोड फोनवर येतो. कोणी भेटत नाही, कोणाला भेटावं लागत नाही. जाहिरातीत याला स्वातंत्र्य म्हटलं होतं.

"म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याने वाहायचं," मी निघतानाच म्हणाले.

"व्हॅन वाहते, कॉम्रेड. व्हॅनला कंबर नसते."

"चालवणाऱ्याला असते."

"मग घे बॅग पाठीवर. चढ आला की मी मागून घोषणा देते."

मी बॅग व्हॅनसाठी ठेवली.

त्या दिवशी समुद्र दिसला कमी आणि ऐकू जास्त आला. रस्त्याच्या एका बाजूला काळपट जंगल, दुसऱ्या बाजूला उतार, उतारावर हाराकेके नावाच्या तिथल्या झुडपाची माणसाच्या उंचीची पाती, आणि त्यांच्या खाली कुठेतरी लाटा. वारा आला की ती पाती एकमेकांवर घासायची. शेजारच्या खोलीत कोणी कुजबुजावं तसा आवाज यायचा. दुपारी एका वळणावर थांबून आम्ही चिक्की खाल्ली आणि भांडलो. विषय होता, मी आईला आठवड्यातून कितीदा फोन करते. ताईचा आवाज चढला, माझाही चढला. रस्त्यावर कोणी नव्हतं, मग हळू कशाला बोलायचं?

मुक्कामाचं घर जुन्या खाणकामगाराचं होतं, लाकडी. दार उघडलं तर आत दिवे लागलेले, हीटर चालू, स्वयंपाकघरात रेडिओ हळू बोलत होता. आम्ही दोघींनी "हॅलो, किया ओरा" असं दोनदा म्हटलं. उत्तर रेडिओनेच दिलं.

बोळात आमच्या दोन बॅगा होत्या, आणि शेजारी तिसरी, लाल. तिलाही आमच्याच कंपनीचा बिल्ला होता. त्यावर नाव नव्हतं, फक्त बुकिंगचा नंबर. आमच्या खोलीला लागून असलेल्या खोलीचं दार बंद होतं.

"आपल्या आधी पोचलंय कोणीतरी," मी म्हणाले. "वाजवू का?"

"झोपलं असेल. दमलेल्या माणसाला उठवू नये."

"बॅग बाहेर ठेवून?"

"तुला सगळ्यांची चौकशी लागते. वाढून ठेव, उठलं की खाईल."

आमच्या घरी हीच रीत. उशिरा येणाऱ्याचं पान झाकून ठेवायचं आणि त्याबद्दल बोलायचं नाही. आम्ही खिचडी केली, तिसरं ताट झाकून ओट्यावर ठेवलं आणि झोपलो. माझ्या उशीपलीकडे ती बंद खोली होती. भिंत पातळ असून खोकला नाही, कुशीवर वळल्याची करकर नाही. मला वाटलं, किती शांत झोपतात ही माणसं.

सकाळी ताट तसंच होतं. ताईला थोडा राग आला, तिच्या खिचडीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. पण तिने डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरली, 'शेजाऱ्यांकडून' अशी इंग्रजी चिठ्ठी झाकणाच्या क्लिपमध्ये खोचली आणि डबा लाल बॅगेवर ठेवला. दार अजून बंदच होतं. आम्ही पाय न वाजवता निघालो.

त्या दिवशी धुकं उतरलं होतं. पुढच्या सायकलवरची ताई मध्येच दिसेनाशी व्हायची, फक्त तिची घंटी ऐकू यायची. दुसऱ्या मुक्कामी पोचलो तेव्हा ऊन परत आलं होतं, इथल्या उन्हाळ्याची लांबलचक संध्याकाळ होती. फोनवर आलेल्या कोडने दार उघडलं. आत तीन बॅगा ओळीने उभ्या होत्या. लाल बॅगेवर आमचा डबा होता.

मी हसले. "बघ, तुझे धपाटे व्हॅनने आले."

ताई हसली नाही. ती वाकली. चिठ्ठी तिने खोचली होती तशीच, त्याच कोनात होती. डबा कोणी उघडला नव्हता. बॅगही कोणी उघडली नव्हती, कारण ती उघडायला आधी डबा हलवावा लागला असता. ज्याने हलवला तो चालक. त्याने बॅग आणि तिच्यावरचं सगळं नेमून दिल्याप्रमाणे इथे आणून ठेवलं होतं.

"काल ते दार," ताई म्हणाली, "बंद होतं ना? आपण त्याच्यामागे कोणाला पाहिलं?"

इथल्या दुसऱ्या खोलीचं दार मी ढकलून उघडलं. पलंगावरची चादर ताणून बसवलेली होती, उशीवर एक छोटं चॉकलेट.

ताईने लाल बॅगेची चेन ओढली. मी म्हणाले, "परक्याचं सामान आहे." ती म्हणाली, "माहीत आहे मला." वरच गोळ्यांची डबी होती, प्रत्येक वाराचे सकाळ-रात्रीचे कप्पे असलेली. ताई रोज वॉर्डमध्ये अशा डब्या भरते. काल रात्रीचा कप्पा भरलेला होता. आज सकाळचाही. "रक्तदाबाच्या आहेत," ती म्हणाली. "ही माणसं एखादी वेळ चुकवतात. दोन नाही चुकवत."

कंपनीच्या नंबरवर एक प्रसन्न रेकॉर्ड केलेला आवाज आम्हाला सुंदर प्रवासाच्या शुभेच्छा देत होता. आम्ही एक-एक-एकला, तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. पोलिसांनी विचारलं, नाव काय, वय काय, शेवटचं कधी पाहिलं? कशाचंही उत्तर नव्हतं. आम्ही एका न पाहिलेल्या माणसाबरोबर एक रात्र राहिलो होतो आणि तो माणूस तिथे नव्हता, एवढंच सांगता आलं. ताईने बुकिंगचा नंबर सांगितला आणि म्हणाली, काल सकाळपासूनचा रस्ता बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोधपथकाला त्या बाई सापडल्या. साठीच्या पुढच्या, एकट्या निघालेल्या. वळणावर चाक घसरून सायकलसकट उतारावरून हाराकेकेत गेल्या होत्या. खुबा मोडला होता. जिवंत होत्या, जेमतेम.

नंतर ताई त्यांना हॉस्पिटलमध्ये भेटून आली. आल्यावर म्हणाली, "त्यांनी आपल्याला ऐकलं होतं. वर रस्त्यावर दोन बायका भांडत होत्या, भाषा कळत नव्हती. त्या हाक मारत होत्या, पण आवाज फुटत नव्हता. मग सायकलींचा आवाज दूर गेला."

मला दोषी माणूस शोधायची सवय आहे. इथे मी खूप शोधला. चालकाने बॅग पोचवली. घरमालकिणीने चादर ताणली. कंपनीने कोड पाठवला. दोन बहिणींनी ताट झाकून ठेवलं. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं, आणि बॅग रोज वेळेवर पुढे जात राहिली. आम्ही डबा ठेवला नसता तर ती शेवटच्या गावापर्यंत गेली असती. माणूस पोचला का, हे बघणं कोणाचंच काम नव्हतं. ज्यात हे काम कोणाचंच नसतं, त्याला स्वातंत्र्य म्हणायला मी तयार नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. अशी सहल ठरवाल तेव्हा कंपनीला विचारा, मी पोचले नाही तर संध्याकाळी कोण फोन करणार? त्या माणसाचं नाव मिळेपर्यंत पैसे भरू नका. आणि मुक्कामी शेजारचं दार बंद दिसलं, तर वाजवा. आत कोणी झोपलेलं असेल तर चिडेल. चिडू द्या.