सामूहिक सरांचा कूलर

आमच्या फ्लॅट स्कीममधल्या सामूहिक सरांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही. ज्या काही झाल्या त्या समाजाच्या हातून झाल्या, आणि त्या समाजात सरही राहत होते, एवढाच काय तो संबंध. जिन्यातला दिवा दिवसभर जळत राहिला की सर म्हणत, "आपला समाज विजेबाबत बेफिकीर आहे." पहाटे फिरायला निघताना तो दिवा यांनीच लावलेला असे. नाव त्यांचं वेगळंच, पण स्कीममध्ये ते कोणाच्या तोंडी नव्हतं. सामूहिक सर हे नाव मी ठेवलं आणि ते बसलंही. आता ते मुलाकडे पुण्याला असतात. तिथला समाज कितपत चुकतो, कोण जाणे.

कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. जबाबदारीबद्दल कोणत्या धर्मात काय सांगितलंय, सगळं पाठ. बोलायला लागले की ऐकत राहावं असं बोलत, हे मी कबूल करते. रविवारी सकाळी गच्चीवर चार खुर्च्या टाकून समजावत. कर्मसिद्धांतात ज्याचं त्यालाच फेडावं लागतं. बौद्ध विचारात हेतू हेच कर्म. इस्लाममध्ये काही कर्तव्यं अशी, की वस्तीतल्या काहींनी पार पाडली तर सगळे सुटले, कोणीच नाही केली तर सगळेच दोषी. जैन लोक तर वर्षातून एकदा, नकळत दुखावलेल्यांचीसुद्धा माफी मागतात. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढून तर्रीपोहे आणून देत. मी मेथी निवडत ऐकायची. तेवढ्यापुरतं वाटायचं, केवढा मोठा माणूस आपल्याला शेजारी लाभला.

मग खाली उतरलं की तो कूलर दिसायचा.

तळमजल्यावरच्या त्यांच्या खिडकीत बसवलेला, लोखंडी, कपाटाएवढा. पाऊस लागला की नागपुरात घरोघरी कूलर रिकामे होतात. गवताच्या जाळ्या निघतात, टाकी पुसून वाळवतात आणि धूड गच्चीवर जाऊन पडतं. सरांचा कूलर मात्र बारा महिने खिडकीत, आणि टाकीत पाणी. पाणी सोडायचं बूच गंजून बसलेलं, त्यामुळे टाकी मगाने उपसावी लागे, आणि त्यासाठी वाकावं लागे. सर वाकणाऱ्यांतले नव्हते. गुडघे ठणठणीत होते हो, रोज तलावाला फेरी मारून येत.

शेवटी काकूच मला हाक मारत. "सुनंदा, जरा हात लावतं का वं? मले एकटीले होऊन नाही राहिलं." आम्ही दोघी मिळून उपसायचो. एकदा सर खिडकीतून कौतुकाने म्हणाले, "पाहा, काहींनी केलं, सगळे सुटले." काकू हसल्या. मला हसू आलं नाही. एवढी विद्या माणसाने स्वतःचा मग दुसऱ्याच्या हातात देण्यासाठी मिळवावी?

गेल्या पावसाळ्यात महापालिकेची बाई टॉर्च घेऊन आली. टाकीत डोकावली आणि म्हणाली, "काका, अळ्याच अळ्या आहेत. औषध टाकते, पण दर आठवड्याले रिकामी करत जा."

सरांनी तिलाही सोडलं नाही. "पाणी माझं असेल. पण डास चावतात सगळ्यांना, तेव्हा प्रश्न सामूहिक आहे. आणि डास पाळण्याचा माझा हेतू नव्हता. हेतू नाही तिथे कर्म नाही."

वरच्या मजल्यावरचे मेश्राम तिथेच उभे होते. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, घरात रोज बुद्धवंदना होते. ते शांतपणे म्हणाले, "सर, हेतू नव्हता, मान्य. पण अळ्या तर डोळ्यानं पाहून राहिले ना तुम्ही? पाहूनही बसून राहणं, हा हेतूच झाला."

"रविवारी सगळे बसून यावर बोलू," सर म्हणाले.

आणि बोलले. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला सावनेरला होते, पण मेश्रामांनी मला नंतर सगळं सांगितलं. चहा झाला, सगळ्या धर्मांची साक्ष झाली, आणि ठरलं की कूलर उपसणं ही सर्वांची जबाबदारी. सर्वांची झाली म्हटल्यावर कोण कशाला वाकतं? जो तो आपापल्या घरी गेला.

पुढे एक दिवस काकूंचा आवाज फोनवर खोल गेलेला वाटला. "ताप आहे वं, निघून जाईल. तू काहून येतं? पोरीपाशी राह्य." ताप डेंग्यूचा निघाला. मी धावत आले तेव्हा दवाखान्यात त्या मला ओळखेनाशा झाल्या होत्या. बाहेर बाकावर बसलेले सर म्हणाले, "शेवटी ज्याचं त्याचं प्रारब्ध." जन्मभर ज्यांनी समूहाचं पालुपद लावलं, त्यांना त्या दिवशी समूह आठवला नाही. माझा हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू.

काकू गेल्या. तेरवीला माणसं जमली, आता सर बोलतील म्हणून सगळे त्यांच्याकडे वळले. "आपण सगळेच..." एवढं म्हणून ते थांबले, आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन परतले, तर सर कूलरपाशी वाकलेले. हातात काकूंचा मग, बंडी पुढून भिजलेली. मला पाहून सरळ झाले. त्यांच्या तोंडून मी कायम पुस्तकी मराठी ऐकलेली. त्या दिवशी ते काकूंच्या बोलीत बोलले.

"सुनंदाताई, कूलर माहा होता."

"हो," मी म्हटलं. एवढं एक वाक्य बोलायला त्यांना जगातले सगळे धर्म पुरले नाहीत, काकूंना जावं लागलं.

ते पुन्हा वाकले. हात लावायला मी पुढे झाले नाही. मात्र टाकी कोरडी होईपर्यंत दुधाची पिशवी धरून तिथेच उभी राहिले.