बदलापूरच्या पुढची खाण आणि मामांचा शब्द

रविवार होता, नव्वदच्या दशकातला. मी नुकता कुठे पेपर उघडतोय तोच आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, चपला घालून दारात हजर. "जावईबापू, स्कूटर काढा. खाणीवर जायचंय." आता सासऱ्यांना नाही कोण म्हणणार? पेपर गेला, कांदेपोहे गेले.

मामा ऐंशीच्या दशकात बदलापूरच्या पुढे एका दगडखाणीत मिस्त्री होते. कातळावर घण मारायचा, आवाज ऐकायचा आणि आत माल कसा आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. खणखणीत वाजला तर सलग दगड, भद्द वाजला तर आत भेगा. मग सुरुंग कुठे लावायचा तेही तेच ठरवायचे. खाण बंद पडली तसे ते आमच्याकडे अंबरनाथ पश्चिमेला राहायला आले. आता उल्हासनगरच्या एका कापडवाल्या शेठना ती खाण घ्यायची होती, आणि सौदा करण्याआधी त्यांना मामांचा शब्द हवा होता.

शेठ राहायचे उल्हासनगरातल्या कॅम्प १ मध्ये. म्हणजे जायचं बदलापूरकडे आणि आधी उलटं कॅम्पात! पण गेल्या गेल्या शेठनी कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं, समोर गरम दाल पकवान, म्हणजे सिंध्यांची डाळ आणि कडक पुरी, आलं आणि माझी कुरकुर संपली. पैसे द्यायला खिशात हात घातला तर शेठ रागावलेच. "काका आमच्यासाठी येतात आणि तुम्ही पैसे काढता? कमाल करता, साहेब!" सकाळी लवकर गेलात तरच पकवान कुरकुरीत मिळतं, एवढं लक्षात ठेवा. स्कूटर त्यांच्या दारात ठेवून आम्ही जीपमध्ये बसलो.

वाटेत चिखलोलीला तेव्हा नुसती शेतं होती. बदलापुरात मात्र जिकडे बघावं तिकडे इमारतींचे पाये खणलेले. ते बघून शेठची कळी खुलली. "काका, इतनी खडी लागणार आहे, पूछो मत!" स्टेशनजवळ कटिंग चहा घेतला आणि पुढे डांबर सोडून कच्च्या रस्त्याला लागलो. त्या रस्त्याने पोटातलं दाल पकवान पार घुसळून काढलं. कंबर दुखत असेल तर या वाटेला जाऊच नका.

मामा वाटेत खाणीचा इतिहास सांगत होते. आधी तिथे भातशेती आणि गवत. मग खाण आली, तिच्या मागोमाग खडीची मशीन, ट्रक, मजुरांच्या झोपड्या, न्हावी, किराणा, शनिवारचा बाजार. बघता बघता छोटं शहरच झालं म्हणा ना. दगडाच्या पिठाने झाडांची पानंसुद्धा पांढरी व्हायची. खाण जसजशी खोल गेली तशा गावच्या विहिरी आटल्या आणि बायका हंडे घेऊन नदीवर जायला लागल्या. पुढे मालकाच्या मुलांत भांडणं लागली, काम थांबलं, मजूर पांगले. खड्ड्यात पाणी साठलं आणि विहिरींना परत पाझर फुटले.

पोचलो तेव्हा खाण अगदी गप्प होती. खाली हिरवं पाणी, काठावर एक बगळा. पूर्वी मजुरांना जेवण करून घालणाऱ्या हौसाबाई आता तिथेच वांग्यांची शेती करत होत्या. आम्हाला बघताच त्यांनी चूल पेटवली. तांदळाची भाकरी आणि सुकट! अहाहा, असं सुकट मी पुन्हा कुठे खाल्लं नाही.

शेठ जीपपाशी गेले तशा त्या मामांकडे वळल्या. "मिस्त्री, तू हां म्हनलास का पंप लागल. पानी उपसलं का आमच्या इहिरी आटल्या. परत हंडं घेऊन नदी."

"हौसाबाई, दगडाबद्दल मी आजवर खोटं बोललो नाही."

"मी कुठं सांगतंय खोटं बोल? जेव आदी."

मामांनी भाकरी संपवली, हात धुतले आणि घण घेऊन कातळाशी गेले. पहिला घाव बसला आणि देवळातली घंटा वाजावी तसा दगड वाजला. जागा बदलली, पुन्हा तोच आवाज. इतकी वर्षं त्यांच्या तोंडून ऐकलेलं, मला कळणार नाही होय? हौसाबाईंनीही खाली मान घातली. जीपपासून परत आलेले शेठ बिचारे मामांच्या तोंडाकडे बघत होते.

"आत भेगा आहेत, शेठ. यात पडू नका."

"पक्का, काका?"

"पक्का."

शेठचा चेहरा उतरला, तरी म्हणाले, "तुम्ही बोलले म्हणजे बोलले." मामांच्या पाया पडावंसं मला वाटलं, आणि शेठकडे बघून लाजही वाटली. गावाचं नाव इथे का लिहिलं नाही, ते आता कळलं असेल. दगड अजून तिथेच आहे.

कॅम्पातून स्कूटरवर परत येताना मी विषय काढला. "मामा, दगड तर खणखणत होता."

"समोर बघा, जावईबापू. म्हैस आहे."

पुढच्या रविवारी शेठ मिठाईचा डबा घेऊन घरी आले. "काका, दुसऱ्या कुणी मला बुडवलं असतं. आता मुरबाडकडे एक खाण बघितली आहे. तुमच्याशिवाय कुणावर भरोसा नाही आपला."

मामांनी डबा हातातही घेतला नाही. "दुसरा मिस्त्री बघा, शेठ. माझा कान गेला."

शेठ हळहळले, कानाच्या डॉक्टरचं नावसुद्धा सुचवलं. ते जिना उतरून गेल्यावर मला राहवेना. "मामा, कान तर शाबूत आहे तुमचा. कशाला नाही म्हणालात? जन्मभर हेच तर केलंत."

मामांनी तळहातावरचे घट्टे चोळले.

"गावाचं पाणी राहिलं, त्याचं मला दुःख नाही. पण तो माणूस मला खरा समजून पैसे लावणार. आता कुठल्या तोंडाने त्याला दगड सांगू?"