अंगवळणी न पडलेला उन्हाळा

माझी बदली जत तालुक्यात झाली तेव्हा मार्च उजाडला होता. त्याआधीची चार वर्षं मी पाचगणीच्या खालच्या अंगाला एका पशुवैद्यकीय दवाखान्यात काढली होती. माझं माहेरही त्याच पट्ट्यात. तिकडे मार्चमध्येसुद्धा सकाळी स्वेटर घालून गोठ्यात जायची सवय. इकडे पहिल्या आठवड्यातच माझ्या नाकातून रक्त आलं. शिपायाने कांदा फोडून हुंगायला दिला आणि म्हणाला, "म्याडम, आजून उन्हाळा लागला न्हाई."

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. लसी ठेवायचा एक फ्रीज होता, त्याच्याकडे माझं लक्ष घरच्या आजारी माणसाकडे असावं तसं असायचं. वीज गेली की मी बर्फाच्या डब्याकडे धावायची.

तिथे पहिल्यांदा ओळख झाली ती मेजरांशी. गावात फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, हे हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पन्नाशीचे, ताठ चालणारे, बोलण्यात अधूनमधून हिंदी. पंजाबात नोकरीला असताना त्यांनी तिकडच्या दांडग्या गाई बघितल्या होत्या, आणि घरी गेलो की अशी गाय ठेवायची हे तिथेच मनात धरलं होतं. कृष्णाकाठच्या एका गोठ्यातून त्यांनी एचएफ जातीची विलायती गाय आणली होती. काळीपांढरी, भरल्या कासेची, पाच महिन्यांची गाभण. मला ती दाखवायला ते स्वतः मोटरसायकलवरून घेऊन गेले.

गाय देखणी होती. मेजरांच्या बायकोने, मी त्यांना काकू म्हणायची, तिच्या गळ्यात लाल दोरा बांधला होता. काकूंच्या हाताशिवाय ती दूध देत नसे. गोठ्यावर नवे कोरे पत्रे होते. मी वर हात करून बघितलं तर पत्र्याखाली भट्टीसारखी धग येत होती.

"पत्र्यावर कडबा टाका," मी म्हणाले. "जाड थर. आणि ह्या बाजूची भिंत पाडा, वारा येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी भिंत पडलेली होती. मेजर तसे होते. सांगितलेलं ऐकायचे.

त्या गोठ्याच्या बाहेर, उघड्यावर, त्यांच्या आईची खिलार गाय बांधलेली असायची. म्हातारी गाय, जेमतेम शेर-दीड शेर दूध. मी जाईन तेव्हा ती उन्हात उभी राहून रवंथ करत असे. सावली चार पावलांवर असली तरी ती तिकडे जात नसे. पांढरे आखूड केस, त्याखाली काळी कातडी, गळ्याखाली लोंबणारी पोळी, पोट आत ओढलेलं. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. पांढरा केस ऊन परतवतो, काळी कातडी जळत नाही, सैल कातडीतून अंगातली उष्णता बाहेर जायला जागा मिळते. पण वाचणं वेगळं आणि भर दुपारी दोन गाई शेजारी शेजारी बघणं वेगळं. सावलीतली एचएफ मिनिटाला ऐंशी श्वास घेत होती. उन्हातली खिलार तीसच्या आत होती.

एप्रिलमध्ये एचएफने वैरण कमी केली. दूध निम्म्यावर आलं. मेजर दवाखान्यात येऊन बाकावर बसले.

"म्याडम, एक इचारू का?"

"विचारा ना."

"मी राजस्थानला व्हतो. बॉर्डरवर. पैले पंधरा दिवस आमची पोरं चक्कर येऊन पडायची. मलाबी झालं. मग हळूहळू बॉडी सेट झाली. घाम लवकर याया लागला, पाणी पुरायला लागलं. तीन आठवड्यांत अंगवळणी पडलं. ह्या गाईला तसं व्हईल न्हवं?"

हा प्रश्न मला आजही छळतो, कारण तो चुकीचा नव्हता. त्यांनी स्वतःच्या अंगावर जे अनुभवलं होतं ते खरं होतं. माणसाचं शरीर दोन-तीन आठवड्यांत उन्हाशी जुळवून घेतं. जनावरही घेतं, थोडंफार. केस झडतात, खाणं कमी होतं, पाणी पिणं वाढतं. मी त्यांना ते सांगितलं. मग पुढचंही सांगायला लागले. गाईच्या पोटात वैरण आंबते, त्याची स्वतःची उष्णता असते. दूध तयार करणं म्हणजे अंगात चूल पेटती ठेवणं. ही गाय थंड देशातल्या रक्ताची, तिच्या शेकडो पिढ्यांनी उष्णता आत कशी धरून ठेवायची एवढंच साधलं. तिला घामही धड येत नाही. ती धापा टाकून गार व्हायला बघते, आणि त्या धापांतच तिची लाळ, तिची ताकद निघून जाते. खाणं सोडते ते रुसून नव्हे. चूल मंद करायचा तिला तेवढाच मार्ग ठाऊक असतो.

मेजर सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे थोडं व्हईल."

"थोडं होईल," मी म्हणाले.

त्या 'थोडं'वर त्यांनी उन्हाळा काढायचं ठरवलं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की हिला इथून हलवा. म्हटलं नाही. ते ज्या उमेदीने बसले होते, ती मला मोडवेना.

मेच्या मध्याला हवा बदलली. तोवर दुपार कितीही तापली तरी पहाटे गार व्हायचं. गाई तेवढ्या वेळात अंगातली दिवसभराची धग बाहेर टाकायच्या. आता पहाटही गरम यायला लागली. जनावर सकाळी उठायचं तेच कालची उष्णता अंगात घेऊन. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अकरा वाजता मेजरांचा फोन आला. आवाज फौजी होता, पण वाक्य पूर्ण होत नव्हतं.

मी गेले तेव्हा गाय पाय फाकवून उभी होती. मान पुढे ताणलेली, जीभ बाहेर, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. वीज नव्हती, पंखा बंद. थर्मामीटर लावला. एकशे सात.

"पाणी मारा," मी म्हणाले. "डोक्यावर, पाठीवर. सारखं मारत राहा."

कोणी हललं नाही. मेजरांनी बायकोकडे बघितलं. काकू हळूच म्हणाल्या, "कुठलं मारू?"

तेव्हा मला कळलं. गावाला टँकर चार दिवसांनी येत होता. आदला येऊन तीन दिवस झाले होते. अंगणात दोन बॅरल होते. एक रिकामा. दुसऱ्यात निम्म्याच्या खाली पाणी, ते घरात प्यायचं.

मी पुस्तकातलं वाक्य बोलून बसले होते. ते परत घेता येईना. काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग बॅरलवरची फळी बाजूला केली आणि तांब्याने पाणी काढायला लागल्या. बारदान भिजवून आम्ही गाईच्या पाठीवर टाकलं. मेजर पुठ्ठ्याने वारा घालत होते. पाणी पाठीवरून ओघळून मातीत जात होतं आणि माती ते लगेच पिऊन टाकत होती. काकू खाली घमेलं लावून तेच पाणी पुन्हा वर टाकायला लागल्या.

मेजरांची आई दारात बसली होती. ऐंशीच्या पुढची असेल. थोड्या वेळाने उठली, आत गेली, आणि स्वतःच्या खाटेजवळचा पाण्याचा तांब्या आणून सुनेच्या हातात दिला.

"आवं आत्याबाई, तुमाला?" काकू म्हणाल्या.

"मला काय व्हतंय. वत."

मग शेजारची बाई आली. तिच्या कमरेवर घागर होती. तिने ती बॅरलजवळ ठेवली आणि परत गेली. तिच्या घरी दोन लहान मुलं होती, मला ठाऊक होतं. त्या घागरीकडे बघून मला रडू फुटेल असं वाटलं. मी बॅगेत तोंड घालून उगाच काहीतरी शोधत बसले.

मी सलाईन लावलं. आणि मग एक गोष्ट केली, ती मी कुणाला सांगितलेली नाही. तापावरचं इंजेक्शन दिलं. ते इथे लागू पडत नाही हे मला माहीत होतं. ताप असतो तेव्हा शरीरानेच ठरवून उष्णता वाढवलेली असते, औषधाने ते ठरवणं बदलता येतं. इथे शरीराने काहीच ठरवलेलं नव्हतं. ते हरत होतं. पण काकू माझ्या हाताकडे बघत होत्या, आणि रिकाम्या हाताने उभं राहणं मला जमलं नाही.

"आता उतरंल?" त्यांनी विचारलं.

"उतरेल," मी म्हणाले.

तीनच्या सुमाराला बॅरल संपला. मेजरांनी तो तिरका केला, तळाशी राहिलेलं ओंजळीने काढलं आणि गाईच्या कानांमागे लावलं. त्यानंतर आम्ही तिघंही नुसते उभे होतो. करायला काही उरलं नव्हतं. गाईच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. मी मिनिटं मोजत होते, श्वास मोजत होते, कारण मोजणं तेवढं हातात होतं.

पाचला पश्चिमेकडून वारा सुटला. गार नव्हता, पण वारा होता. ओल्या बारदानातून तो गेला आणि अर्ध्या तासाने गाईने जीभ आत घेतली. सहाला एकशे चार. काकू खाली बसल्या आणि तिच्या खुराला कपाळ टेकवलं. माझ्या इंजेक्शनमुळे झालं असं त्यांना वाटलं. मला त्यांनी चहा दिला. त्यातलं पाणी कुणाकडून आणलं होतं कोण जाणे. मी तो नाकारू शकले नाही आणि मला तो गिळवतही नव्हता.

तिसऱ्या दिवशी गाय गाभडली. सातव्या महिन्यातलं वासरू, कालवड होती. अंगावर केस नीट आलेले नव्हते, काळेपांढरे ठिपके मात्र स्पष्ट होते. उष्णतेत रक्त कातडीकडे धावतं, अंग गार करायला, आणि गर्भाच्या वाट्याचं कमी पडतं. हे मेजरांना सांगून काय उपयोग होता? मी वार पाडली, औषधं दिली. मेजरांनी बांधाला खड्डा घेतला. एवढ्या कडक जमिनीत पहार लागत नव्हती, त्यांना बराच वेळ लागला.

परत येऊन हात धुवायला त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. म्हणाले, "आमी तीन आठवड्यांत सेट झालो, कारण संध्याकाळी आमच्याकडं पाण्याचा टँकर यायचा. ते मी इसरलोच व्हतो."

जूनच्या आत त्यांनी गाय हलवली. काकूंचे भाऊ शिराळ्याकडे असतात, डोंगराच्या कुशीला, पाणी आणि झाडी असलेल्या गावात. पहाटे टेम्पो आला. काकू टेम्पोत गाईशेजारीच बसून गेल्या आणि पंधरा दिवस तिकडेच राहिल्या, कारण गाय दुसऱ्याच्या हाताला लागत नव्हती. ती तिथे रुळली. पुढच्या हिवाळ्यानंतर पुन्हा गाभण राहिली असं मेजरांनी सांगितलं. सांगताना आनंद होता, पण बोलणं पाहुण्याच्या गाईबद्दल असावं तसं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी लसीकरणाला माळावर गेले होते. तिथे एका म्हाताऱ्या धनगराचा कळप होता, माडग्याळी मेंढरं. उंच पायांची, पोपटासारख्या वाकड्या नाकाची. ह्या माळासाठीच घडलेली. दुपारचं ऊन होतं आणि झाड एकही नव्हतं. सगळी मेंढरं एका जागी गोळा होऊन उभी होती. प्रत्येकीने मान खाली घालून शेजारणीच्या पोटाखाली डोकं घातलं होतं. दुरून नुसत्या पाठी दिसत होत्या, डोकं नसलेल्या.

मी म्हणाले, "बाबा, ही मेंढरं चांगली टिकतात हो इथे."

"टिकत्यात," तो म्हणाला. "ज्येंना सोसलं न्हाई त्येंची पोरंच न्हाईत. उरली ती सोसणाऱ्यांची." मग त्याने कळपाकडे काठी केली. "पर दोन सालं झाली, म्याडम. मेंढ्या भरायच्याच थांबल्यात. नराला सोडतोय, पर गाभ धरत न्हाई. आन् जी कोकरं झाली ती लय बारकी. आमच्या बाच्या येळंला असलं कवाच बघितलं न्हाई."

मी एक नर धरायला सांगितला आणि तपासला. आजार कुठलाच नव्हता. अतिउष्णतेत नराचं बीज मरतं, पुन्हा तयार व्हायला दोनेक महिने लागतात, आणि तेवढ्यात पुढची लाट येते. मी ते त्याला सोप्या शब्दांत सांगितलं. त्याने सगळं समजून घेतलं.

"मग आता काय करायचं?"

सावलीत ठेवा म्हणावं तर माळावर झाड नव्हतं. पाणी जास्त पाजा म्हणावं तर तळं कधीच आटलं होतं. पूर्वी ते लोक उन्हाळ्यात कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचे, आता तिकडे बांधापर्यंत ऊस आहे, मेंढरं कुठे बसवणार? ते तर त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"बघू," मी म्हणाले. "वर कळवते."

त्याने घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली, माझ्यासाठी दगडावर जागा केली. मी बसले. उरलेल्या लसी बर्फाच्या डब्यात होत्या आणि बर्फ वितळत होता, पण मेंढरं त्या गोळ्यातून बाहेर यायला तयार नव्हती, आणि त्यांना ओढून काढायला आम्हा दोघांनाही मन होईना. ऊन कलेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.