डायवर आजाची सून

ते दोन दिवस अजून माझ्या अंगातून गेले न्हाईत. मी पोलिसात शिपाई होते. मालक ड्यूटीवर वारले, त्यांच्या जागी मला घेतलं. शिक्षण सातवी. लिहायचं काम मला कमी, बाईमाणसाची चौकशी असली की बोलवायचे.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, अन् आडात पाणी न्हाई. तवा एका छोट्या ठेसनात, इंजिनाच्या पाण्याच्या टाकीखाली एक म्हातारा मरून पडलेला सापडला. डोकं फुटलेलं. समदे त्याला डायवर आजा म्हणायचे. बारक्या रुळाच्या गाडीवर कोळसा टाकायला लागला, अन् आमच्या भागातल्या पहिल्या डायवरांतला एक झाला. दुष्काळात बाया घागरी घेऊन रुळाकडंला उभ्या राहायच्या. हा गाडी थांबवून इंजिनातलं पाणी सोडायचा, वरच्या साहेबाच्या शिव्या खायचा, दुसऱ्या दिवशी परत सोडायचा. पिन्शनीत आल्यावर ठेसनामागंच राहायचा. ल्योक कामाला परगावी, घरात सून अन् नातू.

खबर शेजारणीनं दिली. "सकाळी सून सासऱ्याला 'मरा तिकडं' म्हणली. माझ्या कानानं ऐकलं." वरून म्हाताऱ्याच्या गळ्यातली चांदीची डबी गायब. आमचे फौजदार साहेब कोकणातले. म्हणले, "सरळ आहे. डबीसाठी ढकललं."

सुनेला ठाण्यात आणलं. पंचविशीची असंल, कडंवर तापानं फणफणलेलं लेकरू.

"मरा म्हणलीस का?"

"हाव."

"का म्हणलीस?"

गप.

"डबी कुठाय?"

"मला न्हाई ठावं."

हवालदार मला म्हणला, "बाई, तुमचा हात लई मऊ हाय. पोळ्या लाटून राहिल्या का?" साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी तिला दोन चापट्या लगावल्या. लेकरू रडलं, ती न्हाई रडली. दिवस मावळायच्या आत घरी सोडली, सकाळी परत आणली. साहेब म्हणले, आज अटक दाखवायची.

हवालदार पंचनामा मोठ्यानं वाचून राहिला होता. "गळ्यात काही नाही. मानेवर जखम नाही, ओरखडा नाही." डबी कुणी हिसकली असती तर दोरा मानंला कापला असता. मी उठले.

"साहेब, आम्ही लिंगायत, आजाबी लिंगायत. त्या डबीत लिंग असतंय, ते मरंपर्यंत गळ्यात. उतरतं ते फकस्त पूजेला, डाव्या तळहातावर घ्यायला. पूजा झाल्याबिगर आजा पाण्याचा थेंब तोंडात घेत नसणार."

"मग?"

"पूजेला पाणी लागतंय. गावात पाणी कुठंय? फकस्त त्या टाकीत."

हवालदार हसला. "ऐंशीचा म्हातारा टाकीवर चढला म्हणता?"

"जन्मभर इंजिनावर चढला की तो."

ठेसनात गेलो. मी हवालदारालाच शिडीवर घातलं. वरून त्याचा आवाज आला, अगदी बारीक. "बाई, डबी हाय. उघडी. दोऱ्यासकट. इभूत हाय, तांब्या हाय." खाली इंजिनाची राख टाकलेली होती. मी हातानं चाळली. राखंत काळं लिंग सापडलं. लांबून बघितलं तर कोळशाचा खडा. पूजेत बसलेला म्हातारा तोल जाऊन पडला होता.

ठाण्यात येऊन तिला सांगितलं. तवा ती बोलली.

"अक्का, घरात एक तांब्या पाणी होतं. लेकरू तापलेलं. मामंजी म्हणले, पूजेपुरतं दे. मी दिलं न्हाई. वर मीच 'मरा तिकडं' म्हणले. ते रिकामा तांब्या घेऊन गेले." मग साहेबाकडं वळली. "लिहा की आता. मीच मारलं."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "याला कलम नाही, बाई. घरी जा."

ती उठंना. कलम असतं तर तिला बरं वाटलं असतं, असं मला तवा वाटलं, अजून वाटतंय. मी ठाण्यातल्या माठातलं पाणी लेकराला पाजलं, तिच्यापुढं गिलास धरला. तिनं घेतला न्हाई.

त्यानंतर लई वर्सं नोकरी केली. एक शिकले, गप बसलेलं माणूस चोरच असतंय असं न्हाई. चौकशीला बाई आणली की मी आधी इचारायची, घरात पाणी हाय का, लेकरू जेवलं का. साहेब लोक म्हणायचे, ही काय चौकशी हाय? मी म्हणायची, हाव, हीच.

पण त्या दोन चापट्या मी मारल्या होत्या. त्याची माफी मी मागितली न्हाई. खात्यात तशी रीत नव्हती, अन् मला सुचलंबी न्हाई.