बिराप्पाचा रुसवा

आटपाडीच्या बाजूला माळावर धनगरांची एक वस्ती आहे. तिथल्या बिराप्पाला गजीच्या नाचाचा ढोल गळ्यात अडकवताना ज्यानं पाहिलंय, त्याला हा माणूस तोंड लपवून घरात बसेल, हे शपथेवर सांगूनही पटलं नसतं. उंचापुरा गडी, कल्लेदार मिशा, आणि देवानं ढोल टेकवायला म्हणूनच दिलं असावं असं पोट. त्याची टिपरी पडली की झगे घातलेले, हातात रुमाल घेतलेले गडी गोलात नाचू लागत आणि म्हातारेसुद्धा गुडघेदुखी विसरत.

पण त्याच पोटानं दगा दिला. आतड्याच्या जुन्या दुखण्यानं त्याला कैक वर्षं पोखरलं होतं. झाडपाला झाला, बिरोबाचा भंडारा लावून झाला. शेवटी सांगलीच्या डॉक्टरांनी मोठं आतडं काढलं, पोटाच्या उजव्या अंगाला वाट केली आणि तिच्यावर पिशवी चिकटवली. परसाकडची वाट आता तीच, आणि तीही जन्मभराची. दुखणं थांबलं, रक्त जायचं थांबलं, खाल्लेलं अंगी लागू लागलं. त्याची बायको अंबूबाई देवाला आणि डॉक्टरला एकाच दमात हात जोडायची.

बिराप्पा मात्र आरशाकडे पाठ करून अंघोळ करी. धोतराची गाठ पिशवीवर येते म्हणून त्यानं जावयाचा ढगळ पायजमा धरला, वर गुडघ्यापर्यंत सदरा. पिशवीला काळवेळ कळत नसे. चार माणसांत बसावं आणि नेमकी तेव्हाच ती कुरकुरावी, या भीतीनं त्यानं चार माणसंच सोडली. लेक मंगल कराडला दिलेली, तिच्या घरची वास्तुशांत त्यानं चुकवली. पारावरचं बसणं सुटलं, गजी सुटली. जेवायचा तेही दाराआड, एकटा.

वस्तीला त्यानं ‘पोटाचं बारीक ऑपरेशन’ एवढंच सांगितलं होतं. तेवढ्यावर कुणाचं समाधान होतंय? दवाखान्यात जायच्या आधीच्या दसऱ्याला गजीतला मानाचा फेटा चुकून आधी केरबाला बांधला गेला आणि मग बिराप्पाला. केरबा म्हणजे बिराप्पाचा लहानपणापासूनचा जोडीदार, गोलात सगळ्यात पुढं नाचणारा. त्यानंतर बिराप्पा दिसेनासा झाला. वस्तीनं निदान काढलं, बिराप्पा रुसला.

खरं सांगायचं तर डॉक्टरच्या निदानापेक्षा बिराप्पाला हेच जास्त आवडलं. रुसलेल्या माणसाला कोणी तब्येत विचारत नाही. कोणी उंबऱ्याशी आलं की हा तोंड फिरवी, आलेला माणूस परत जाई. अंबूबाईचा मात्र जीव तिळतिळ तुटे. सांगलीच्या सिस्टरनं तिच्यासमोर सांगितलं होतं, जखम भरलीय, पोटाला पट्टा बांधा आणि ढोल खुशाल वाजवा.

“सिस्टरचं ऐकत न्हाई, माजं ऐकत न्हाई. आता बिरोबानं यून सांगायचं व्हय?” ती विचारी. बिराप्पा भिंतीकडे तोंड करून रुसायचा सराव करी.

जत्रा तोंडावर आली. त्या वस्तीत रुसवा काढायची एक रीत आहे. रुसलेल्याच्या दारात ढोल ठेवायचा, त्यावर भंडारा उधळायचा, आणि ज्याच्यामुळं तो रुसला त्यानं माफी मागायची. एवढं करूनही जो उठत नाही, तो गजीतून कायमचा गेला असं धरतात. मग त्याचा ढोल दुसऱ्याच्या गळ्यात जातो.

एका सकाळी सगळी गजी बिराप्पाच्या अंगणात उभी राहिली. ढोल पिवळाधमक झाला. केरबा पुढं आला. त्यानं तोच मानाचा फेटा आणला होता, त्या दसऱ्यानंतर पुन्हा डोक्याला न लावलेला. तो उंबऱ्यावर ठेवून त्या पांढऱ्या मिशांच्या माणसानं त्याच्यावर डोकं टेकलं.

“चुकलं माजं. फेटा मागून घेतला न्हवता, पर बांधून घेतला, ही चूक झाली. तुज्याबिगार गोलात पाय उचलत न्हाई, गड्या.”

बिराप्पानं भिंतीकडचं तोंड वळवून बघितलं. गप्प बसावं तर ढोल जाणार, आणि काही न केलेला हा माणूस मरेपर्यंत स्वतःला गुन्हेगार समजणार. उठावं तर सगळं उघडं पडणार. ढोल गेला असता तर त्यानं सोसलं असतं. केरबाचं वाकलेलं डोकं त्याला सोसवेना. तो उठला, उंबऱ्यात आला आणि सगळ्यांदेखत त्यानं सदरा वर केला.

“रुसलो न्हवतो रं. ह्याची लाज वाटत हुती.”

केरबा उठला आणि आजारी मेंढराचं पोट बघावं तसा वाकून नीट बघू लागला. दुखतं का, विचारलं. नाही. पिशवी निसटते का? सहसा नाही. मग अडलंय कुठं? वास येईल, आवाज होईल, बिराप्पा पुटपुटला.

केरबा जो हसत सुटला तो खालीच बसला. “आरं, जल्म मेंढरांच्या वाड्यात गेला आपला. कुनाला वास यायचा? आन् ढोलाम्होरं तुज्या पोटाचं कोन ऐकतंय?” मग एकदम त्याचा पारा चढला. “मुडद्या, आन् मी हितं झुरून निम्मा झालो की!”

बिराप्पाला हसू आवरेना आणि रडूही. अंबूबाई चहाला आधण ठेवायला आत पळाली, कारण तिचंही तेच झालं होतं.

अडचण उरली ती एकच. ढोलाची कड नेमकी पिशवीवर यायची. केरबानं दोरी आखडली, तर ढोल मिशांना भिडला. सैल केली, तर गुडघ्यांवर आपटू लागला. शेवटी दोरी उजव्या खांद्यावरून घेऊन ढोल डाव्या कुशीला टाकला, तेव्हा जमलं. पहिल्या दिवशी टिपरी भलतीकडेच पडायची आणि गडी एकमेकांवर आदळायचे. असं हसणं वस्तीत फार दिवसांत झालं नव्हतं.

जत्रेला बिराप्पा धोतर नेसला, गाठ डावीकडं घेतली. पोटाला पट्टा, त्यावर झगा, डोक्याला फेटा. ढोल घुमला, गोल फिरू लागला. रंग भरला असताना पिशवी कुरकुरली. ती त्याला जाणवली तेवढीच, ऐकू मात्र आली नाही. बायकांच्या गर्दीत अंबूबाई उभी होती, तिच्याकडं बघून त्यानं टिपरी आणखी जोरात हाणली.

खेळ उरकून सगळे जेवायला बसले. बिराप्पा सवयीनं कडेला निघाला, पण केरबानं झगा धरून त्याला मधोमध बसवलं. निम्म्या जेवणात पिशवी भरल्याची जाणीव झाली. जरा घुटमळून तो उठला आणि मोठ्यानं म्हणाला, “आलो रं, पिशवी मोकळी करून.”

एकानंही ताटातून मान वर केली नाही. वाढपी तेवढा म्हणाला, बेगीन या, रस्सा निवतोय.

तो परत आला, तेव्हा ताटावर माशा बसू नयेत म्हणून केरबानं नाचातला आपला रुमाल त्यावर झाकून ठेवला होता.